दोनशेत तिघे

साठी ओलांडलेल्या दर २०० भारतीयांमागे आयुष्यात एकदा तरी फ्लूची लस घेतलेले ३. न्यूमोनियाची लस घेतलेले हजारात ६. हे आकडे २०१७-१८ च्या ‘लासी’ (लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) पाहणीतले. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती केली आणि तीत साठीपुढच्या ३१ हजारांहून जास्त लोकांना विचारलं गेलं. प्रश्न ‘यंदा घेतली का’ असा नव्हता, ‘कधी घेतली आहे का’ असा होता. फ्लूची लस तर दर वर्षी नव्याने घ्यायची असते. म्हणजे दीड टक्का हासुद्धा फुगीरच आकडा.

या आकड्यावरून आमच्या घरात जुंपली. एका बाजूला आई. सारी हयात कराडला जनरल प्रॅक्टिसमध्ये गेली, आता पुण्यात संध्याकाळी दोन तास दवाखान्यात बसते. दुसऱ्या बाजूला धायरीचे काका. एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या क्लेम्स विभागातून निवृत्त. मधुमेह जुना, हृदयात एक स्टेंट, आणि वर्तमानपत्रातल्या प्रत्येक टक्केवारीभोवती पेन्सिलीने गोल करायची सवय. वहिनीने औषध सांगायचं आणि भाऊजींनी त्याचा पुरावा मागायचा, हे दोघांचं वर्षानुवर्षं चाललेलं आहे. काका लसविरोधक नाहीत. कोविडचे डोस त्यांनी वेळेवर घेतले, सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलंय. त्यांचा वाद हिशोबाचा आहे, म्हणूनच तो इथे मांडावासा वाटला.

काका : वहिनी, तुमचा हा दीड टक्का तुम्हाला लाजिरवाणा वाटतो. मला त्यात शहाणपण दिसतं.

आई : शहाणपण कसलं त्यात?

काका : कोविडच्या वेळी याच लोकांनी रांगा लावून लस घेतली. देशभरात २०० कोटींच्या वर डोस टोचले गेले. म्हणजे आपला माणूस सुईला घाबरत नाही. मग फ्लूच्या लशीकडेच का फिरकत नाही? माल पारखला आणि नको म्हणाला.

आई : पारखायला माल समोर तरी यावा लागतो. पण ते राहू दे. आधी तुमची पारख ऐकू.

काका : ऐका. कॉक्रेनवाल्यांनी जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०१८ साली हिशोब मांडला. धडधाकट माणसांत लस न घेता १०० पैकी साधारण सव्वादोघांना फ्लू होतो, घेतली तर एकापेक्षा थोड्या कमी जणांना. एकाचा फ्लू टाळायला ७१ जणांना टोचावं लागतं. खासगीत एका डोसाचे दीड-दोन हजार घेतात. अठराशे धरा. ७१ गुणिले अठराशे, एक लाख सत्तावीस हजार आठशे. एका माणसाचा चार दिवसांचा ताप टाळायला सव्वा लाख!

आई : धडधाकट माणसांचा आकडा तुम्ही स्वतःला कशाला लावता? त्याच मंडळींनी वयस्करांचा हिशोब वेगळा दिलाय.

काका : तोही वाचलाय. शंभरात ६ वरून अडीचच्या आत. ३० जणांना टोचा, एक वाचतो. चोपन्न हजार. दर निम्म्याहून खाली आला, पण स्वस्त म्हणवत नाही.

आई : आणि फ्लूने म्हातारा माणूस आयसीयूत गेला तर?

काका : थांबा, इथेच गफलत होते. तीसमागे एक ‘फ्लू’ टळतो, एक ‘आयसीयू’ नाही. फ्लू झालेले बहुतेक जण पॅरासिटामॉल आणि काढ्यावर उठून बसतात.

(इथे काकांना पूर्ण गुण. लशीच्या बाजूने बोलणारे हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात, आणि ऐकणाऱ्याला आपण फसवले गेलो असं वाटायला एवढंच पुरतं.)

आई : मान्य. मग फ्लूच्या तापाचं सोडा, हृदयाचं बोलू. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला अभ्यास २०१८ साली आला. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या माणसांत पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट निघालं. नंतर २०२१ मध्ये एका चाचणीचे निकाल आले. आठ देशांत केलेली, त्यात आपल्या शेजारचा बांगलादेशही होता. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना दवाखान्यात असतानाच फ्लूची लस दिली, निम्म्यांना नुसतं पाणी टोचलं. कोणाला काय दिलं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. वर्षभरात पाणीवाल्यांतले ४.९ टक्के गेले, लसवाल्यांतले २.९. आता करा तुमचा गुणाकार.

काका : फरक दोन टक्क्यांचा. पन्नास जणांमागे एक जीव. पन्नास गुणिले अठराशे... नव्वद हजार.

आई : क्लेम्समध्ये होतात ना? जीव नव्वद हजारांत महाग का स्वस्त?

काका जरा वेळ गप्प बसले. पण निरुत्तर झाल्यामुळे नव्हे. ते आठवत होते.

काका : ही चाचणी कोविडमुळे मध्येच थांबवावी लागली होती ना? ठरले होते त्यापेक्षा बरेच कमी रुग्ण मिळाले. छोट्या आणि अर्ध्यात थांबलेल्या चाचण्यांचा फायदा बऱ्याचदा जास्त दिसतो, हे तुम्हीच मला एकदा सांगितलंय. शिवाय ते सगळे ताजे रुग्ण. माझा स्टेंट जुना.

आई : खरं आहे. तुमच्यासारख्या जुन्या रुग्णाला तेवढाच फायदा होईल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण दिशा कुठली आहे ते दिसतंय ना?

काका : दिशा दिसते, पण मला टक्केवारीच्या मागे धावणं पटत नाही. अमेरिकेचं बघा. १९८० च्या आधी तिथल्या पासष्टीपुढच्यांत लस घेणारे पंधरा टक्क्यांच्या आसपास होते. २००१ पर्यंत ६५ टक्के झाले. चौपटीहून जास्त. त्या मानाने हिवाळ्यातले मृत्यू घटायला हवे होते. घटले नाहीत. २००५ साली त्यांच्याच संशोधकांनी हे छापलं. मग ६५ टक्के गाठून मिळवलं काय?

आई : हा तुमचा आजचा सगळ्यात चांगला मुद्दा.

काका : फक्त आजचा?

आई : त्याचं एक कारण त्याच लोकांनी सुचवलंय. लस घ्यायला कोण येतो? जो स्वतःच्या पायांनी येऊ शकतो तो. सकाळी फिरायला जाणारा, साखर तपासणारा, मुलगा गाडीने सोडतो असा. अंथरुणाला खिळलेली, दम्याने दोन जिने न चढणारी बाई येतच नाही, आणि न्यूमोनियाने मरते ती. टक्का वाढला तो भलत्याच लोकांत वाढला.

काका : म्हणजे लस घेणारे कमी मरतात असं जे सांगतात, त्यातले बरेच लोक लस न घेताही कमीच मेले असते.

आई : अगदी. असंही निघालंय की फ्लूचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच लस घेतलेल्यांचा मृत्यूदर कमी होता. त्या महिन्यांत लशीचा काय संबंध? म्हणून तर मी तुम्हाला चिठ्ठ्यांची चाचणी सांगितली, नुसती तुलना नाही. दुसरं कारण असं की म्हाताऱ्या शरीरात लशीला प्रतिसादच कमी येतो. म्हणून तिकडे पासष्टीपुढच्यांना चौपट मात्रेची लस देतात. ती साध्या लशीपेक्षा बरी ठरली आहे.

मला वाटतं या वादातली खरी गाठ इथे आहे. टक्का हे एक मोजमाप आहे, आणि मोजमापाला उद्दिष्ट समजलं की सोपी माणसं टोचून आकडा गाठायचा मोह होतो. जागतिक आरोग्य परिषदेने २००३ साली ठराव केला होता की २०१० पर्यंत ज्येष्ठांपैकी ७५ टक्क्यांना फ्लूची लस मिळावी. इंग्लंडमध्ये २००० सालापासून पासष्टीपुढच्या प्रत्येकाला ती फुकट आहे, डॉक्टरकडून पत्र किंवा मेसेज येतो, आणि चारातले तीन जण घेतात. अमेरिकेत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही मिळते. तरी सगळ्या प्रौढांचा हिशोब धरला तर निम्मेही घेत नाहीत. या दोन देशांत टक्क्यावर वाद घालायला जागा आहे. आपल्याकडे दीड टक्क्यावर कसला वाद घालणार?

आईने फ्रीजमधून एक खोकं काढून काकांपुढे ठेवलं. आत बोटभर लांबीची, आधीच भरलेली सिरिंज. औषध अर्धा मिलिलिटर, पाण्यासारखं. काकांनी चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचायला घेतली.

काका : ए-व्हिक्टोरिया-४८९७-२०२२. ए-क्रोएशिया. बी-ऑस्ट्रिया-१३५९४१७-२०२१. वहिनी, यात पुणं कुठे आहे?

आई : ज्या ठिकाणी तो नमुना आधी सापडला त्याचं नाव. व्हिक्टोरिया ऑस्ट्रेलियातली. तो पहिला आहे ना, तो एचवनएनवन. २००९ साली नायडू हॉस्पिटलसमोर रांगा लागल्या होत्या, आठवतं?

काका : न आठवायला काय झालं? ऑगस्टमध्ये पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली, देशातला पहिला बळी. शाळा बंद, थिएटरं बंद. मास्क काळ्या बाजारात घेतले होते आम्ही.

आई : त्याच विषाणूचा हा वंशज. स्वाइन फ्लू गेला असं लोक समजतात. तो गेला नाही, दर पावसाळ्यात येणारा पाहुणा झालाय. आणि खोक्यात तीनच नावं का, तर चौथा बी-यामागाता प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलाच नाही, म्हणून लशीतून काढला.

काका : हे असले प्रकार निवडतं कोण?

आई : जागतिक आरोग्य संघटनेची बैठक वर्षातून दोनदा होते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. देशोदेशीच्या प्रयोगशाळा नमुने आणि माहिती पुरवतात, आपली पुण्याची विषाणू संस्थाही त्यांत आहे.

काका : म्हणजे सहा-आठ महिने आधी बांधलेला अंदाज. चुकला तर?

आई : चुकतो. अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात लशीचा उपयोग १९ टक्क्यांवर आला होता. त्याच्या दहा वर्षं आधी तर १० टक्के. अंदाज जुळला तर चाळीस ते साठ.

काका : आणि तुम्ही मला हे विकताय!

आई : तुम्ही आयुष्यभर आगीचा विमा विकलात. किती घरं जळाली?

काका : विम्यात घर जळलं तर पैसे मिळतात, वहिनी. लस घेऊन फ्लू झाला तर तुम्ही अठराशे परत देणार का? बरं, ते जाऊ द्या. जीबीएसचं, त्या गियाँ-बारे सिंड्रोमचं काय? आम्ही सिंहगड रोडवाले आहोत. २०२५ च्या जानेवारीत आजूबाजूला काय चाललं होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. चालती-बोलती माणसं व्हेंटिलेटरवर गेली. फ्लूच्या लशीने जीबीएस होतो असं मी वाचलंय.

आई : बरोबर वाचलंय, अर्धं. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस घाईघाईने साडेचार कोटी लोकांना टोचली. लाखामागे साधारण एक जादा रुग्ण निघाला आणि मोहीम थांबवली. त्यानंतरच्या लशींमध्ये हा धोका दहा लाखांमागे एक-दोन इतका धरतात. पण खुद्द फ्लू होऊनही जीबीएस होतो, आणि लशीपेक्षा जास्त होतो. सिंहगड रोडला जे झालं त्यात लशीचा काही संबंध नव्हता. तिथे दूषित पाणी, आणि पाण्यातून आलेला कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू. पाणी उकळून प्यायचं सांगितलं होतं, आठवा.

काका : आमच्या सोसायटीतल्या एकाने लस घेतली आणि चौथ्या दिवशी तापाने फणफणला. तो आता सगळ्यांना सांगत फिरतोय.

आई : या लशीत मेलेले विषाणू आहेत, त्यांनी फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस अंग मोडून येतं, कणकण वाटते. संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ज्याने त्याला गाठलं, तो आधीच दाराशी उभा होता. लोक लस घेतात कधी? सोसायटीत चार जण खोकायला लागले की!

इथपर्यंत बोलणं फक्त फ्लूचं झालं होतं. न्यूमोनियाची लस काकांना अजिबात पटत नाही, आणि त्यांच्याकडे तिथेही कागद होता. (हे कागद ते कुठून जमवतात, देव जाणे.)

काका : हॉलंडमधली चाचणी. पासष्टीपुढची ८४ हजारांवर माणसं. एवढी मोठी चाचणी मी तरी दुसरी पाहिली नाही. निकाल काय? लशीत जे तेरा प्रकार आहेत त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया ४५ टक्क्यांनी कमी. टाळ्या. पण सगळे न्यूमोनिया धरले तर फरक पाच टक्के, तोही निव्वळ योगायोगाचा असू शकेल इतका. मला न्यूमोनिया होईल तेव्हा जंतू आधी यादी बघून येणार आहे का?

आई : नाही येणार. पण त्याच चाचणीतली तिसरी ओळ तुम्ही गाळली. त्याच तेरा प्रकारांतला जंतू रक्तात शिरतो तो गंभीर आजार, तो ७५ टक्क्यांनी घटला. न्यूमोनिया हे काही एका आजाराचं नाव नाही, भाऊजी. विषाणूंनी होतो, दहा तऱ्हेच्या जीवाणूंनी होतो, घास श्वासनलिकेत गेल्यानेही होतो. न्यूमोकॉकस हा त्यातला सगळ्यात नेहमीचा जीवाणू. ही लस त्याच्या काही प्रकारांवर आहे, न्यूमोनिया नावावर नाही. लोकांना सांगताना आम्ही ‘न्यूमोनियाची लस’ म्हणतो, म्हणून अपेक्षा फुगतात. ती दर वर्षी घ्यावी लागत नाही, एक-दोन डोसांत काम भागतं. परदेशात २०२१ पासून वीस प्रकारांवरचीही आली आहे.

काका : मग माझ्या नातवालाच द्या की. त्याला ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पोरांच्या नाकातूनच जंतू आजोबांकडे येतो ना? जपानने तेच केलं होतं. १९६० च्या दशकापासून शाळेतल्या पोरांना फ्लूची लस टोचायचे, आणि म्हाताऱ्यांचे मृत्यू घटले. १९९४ मध्ये ती योजना बंद केली, मृत्यू पुन्हा वाढले.

आई : हा मुद्दा मलाही आवडतो. अमेरिकेत २००० साली बाळांना न्यूमोकॉकसची लस सुरू झाली आणि काही वर्षांत आजी-आजोबांमधला आजारही कमी झाला. आपल्याकडे ती २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत आली आणि २०२१ मध्ये देशभर. त्याचा फायदा तुमच्यापर्यंत झिरपेल, पण वेळ लागेल, आणि लशीत नसलेले प्रकार मधल्या काळात डोकं वर काढतात. फ्लूची लस तर मुलांच्या सरकारी यादीतही नाही. तोवर तुम्ही काय करणार?

काका : फ्लू आणि न्यूमोनिया तुम्ही एका दमात का घेता, हेही मला कळत नाही. दोन वेगळे रोग.

आई : वेगळे, पण एकामागून एक येणारे. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो आणि उघड्या पडलेल्या जागेत न्यूमोकॉकस शिरतो. १९१८ साली मुंबईत काय झालं? ऑक्टोबरच्या ६ तारखेला एका दिवसात ७६८ माणसं गेली. त्या साथीतले बहुतेक मृत्यू नुसत्या विषाणूने झाले नव्हते, मागून आलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियाने झाले होते. आजही माझ्याकडे पेशंटच्या घरचे येतात ते असंच सांगतात: ताप उतरला होता हो, बरं वाटत होतं, पाचव्या-सहाव्या दिवशी परत थंडी भरून आली आणि छातीत कफ भरला.

इतका वेळ काकू आत-बाहेर करत होती. ती खुर्चीत टेकली, पर्समधून पंप काढून दोन झुरके घेतले, आणि मला म्हणाली, “ही लस मला चालते का?”

काकूचा दमा जुना. पावसाळ्यात हमखास उसळतो. छातीच्या डॉक्टरांकडे तिच्या नियमित फेऱ्या असतात आणि प्लॅस्टिकची फुगलेली फाइल कायम सोबत असते. आईने ती फाइल मागून घेतली आणि पानं उलटली. एक्स-रे, फुंकर मारायच्या तपासणीचे आलेख, रक्ताचे रिपोर्ट, पंप बदलल्याच्या नोंदी, दोनदा दवाखान्यात भरती झाल्याची डिस्चार्ज समरी. लशीबद्दल एक ओळ नव्हती. फ्लूची नाही, न्यूमोनियाची नाही. ना ‘दिली’, ना ‘सुचवली’, ना ‘रुग्णाने नकार दिला’.

काकू : मला कोणी विचारलंच नाही.

काका : मलाही मधुमेहाच्या डॉक्टरांनी कधी विचारलं नाही.

आई : मग पारखून नको कोण म्हणालं, भाऊजी?

या प्रश्नावर काकांनी वाद घातला नाही, उलट तपासच सुरू केला. क्लेम्सच्या माणसाला दोष कोणाचा हे ठरवल्याशिवाय चैन पडत नाही.

काका : डॉक्टर का विचारत नाहीत?

आई : ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात. त्यात साखर, रक्तदाब, गुडघे आणि सुनेची तक्रार. लस ही आजाराची गोष्ट नाही, त्यामुळे ती कायम पुढच्या वेळेवर जाते. आणि समजा विचारलं, तर द्यायची कुठून? लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. मोठ्यांच्या फिजिशियनकडे तसा फ्रीज बहुधा नसतो. मेडिकलमधून आणा म्हटलं की पेशंट बर्फाची पिशवी घेऊन उन्हात फिरणार. शिवाय फ्लूच्या लशीचं खोकं वर्षभरात बाद होतं; दहा मागवली आणि चार उरली तर पैसे डॉक्टरचे गेले. फ्रीज असतो तो बालरोगतज्ज्ञाकडे. त्यामुळे गावोगावी म्हातारी माणसं लस घ्यायला नातवाच्या डॉक्टरकडे जातात, घोड्या-हत्तीच्या चित्रांखाली बसून दंड पुढे करतात.

काका : आणि मेडिक्लेम लशीचे पैसे देत नाही. आयसीयूचं बिल देतो. हे मी स्वतः नाकारलेल्या क्लेम्सवरून सांगतो.

आई : सरकारने काही केलंच नाही असं नाही. २०१५ साली स्वाइन फ्लूची मोठी लाट आली, तेव्हा महाराष्ट्राने गरोदर बायकांना आणि मधुमेह, रक्तदाबवाल्यांना सरकारी दवाखान्यात फ्लूची लस मोफत द्यायचं ठरवलं. केंद्राच्या आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांतही ज्येष्ठ, गरोदर, जुने आजार असलेले आणि दवाखान्यात काम करणारे, सगळे आहेत. पण बाळाला लस चुकली तर आशाताई घरी येते. तुम्हाला चुकली तर कोण येणार? तुमची यादीच कोणाकडे नाही.

काका : तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टर घेतात का?

आई : सगळ्या नाही घेत. डॉक्टरही घेत नाहीत. ते मी झाकणार नाही.

मोठ्यांना लस हा काही परदेशी शोध नव्हे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात ती कैद्यांवर आजमावली. लस म्हणजे बाळाची, ही समजूत त्यानंतरची. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस घ्यावीच लागते, आणि ती घेतलीही जाते, कारण कोणीतरी यादी करतं, तारीख देतं, शिक्का मारतं. काकांनी सुरुवातीलाच कोविडचं उदाहरण दिलं ते स्वतःच्या बाजूने, पण ते बसतं आईच्या बाजूला. नोंदणी होती, गल्लीत केंद्र होतं, फोनवर मेसेज येत होता. लोक आले.

माझं मत विचाराल तर काकांचे जवळजवळ सगळे आक्षेप खरे आहेत. फ्लूची लस मध्यम कुवतीची आहे, तिचा अंदाज चुकतो, न्यूमोनियाची लस नाव सांगते तितकं करत नाही, आणि टक्का वाढला म्हणजे मृत्यू घटतीलच असं नाही. पण हे आक्षेप घ्यायची पाळी येण्यासाठी आधी कोणीतरी ‘घेणार का’ असं विचारलेलं असावं लागतं. काकांना ते वहिनीने विचारलं. बाकीच्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला नकारसुद्धा आलेला नाही. त्यांना शहाणे म्हणणं चूक आणि अडाणी म्हणणं त्याहून मोठी चूक.

त्या संध्याकाळी काकूने फ्लूची लस घेतली. न्यूमोनियाची मागवून ठेवायला सांगितली. काकांनी खोक्यावरची एक्स्पायरीची तारीख पाहून घेतली, पैसे काकूच्या आधी काढून ठेवले, आणि स्वतःपुरतं “बघू” म्हणाले. हार्ट अटॅकवाल्या त्या चाचणीतले स्टेंटवाले किती होते ते त्यांना आधी तपासायचं आहे. तपासू देत.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं वय साठीपुढे आहे, ज्यांना मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार आहे, किंवा ज्यांच्या घरात कोणी गरोदर आहे, त्यांनी पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विषय काढायची वाट पाहू नये. आपणच विचारावं : मला फ्लूची लस हवी का, न्यूमोनियाची हवी का, आणि कुठे मिळेल? अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा पूर्वी जीबीएस झालेला असेल तर तेही सांगावं. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येते, आणि लशीला जोर धरायला दोन आठवडे लागतात. घ्यायची असेल तर मे महिन्यात घ्यावी, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात.